एक भिंत, सहा नकाशे : प्रकल्प नोंदी (जून ते ऑगस्ट २०२४)

२ जून, रविवार

आजपासून लिहून ठेवतोय, नाहीतर दोन महिन्यांनी मलाच आठवणार नाही की कुठली फाइल कुठून आणली आणि का आणली.

झालं असं की ताईकडे गेलो होतो तेव्हा भाचीच्या शाळेतल्या भूगोलाच्या मॅडम भेटल्या. शाळेच्या व्हरांड्यात २० फुटी भिंत आहे, तिथं जगाचा एक जुना नकाशा लटकतोय, त्यात सोव्हिएत रशिया अजून अखंड आहे आणि घडीवर फाटल्यामुळं श्रीलंका गेलेली आहे. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही कॉम्प्युटरवर नकाशे करता ना, मग आम्हाला एक ताजा करून द्या की." मी उत्साहात म्हणालो, एक कशाला, सहा देतो! लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, कार्बन दोन प्रकारे, बालमृत्यू, आणि रात्रीचे दिवे. प्रत्येक ६ फूट बाय ३ फूट, वर तीन आणि खाली तीन. १५ ऑगस्टला लावायचे.

भाची यंदा नववीत गेली, तिच्या पुस्तकात पहिलाच धडा वितरणाच्या नकाशांचा आहे, टिंब पद्धत (ठिपके देऊन), क्षेत्रघनी (भाग रंगवून), समघनी (सारख्या आकड्यांच्या जागा रेघेनं जोडून). म्हणजे माल तयारच आहे, मला फक्त आकडे ओतायचेत असं वाटलं होतं. वाटलं होतं.

आज नॅचरल अर्थ या नकाशांच्या माहितीच्या साइटवरून देशांच्या सीमा उतरवल्या (फुकट आहे, परवानगी पण लागत नाही) आणि वर्ल्ड बँकेच्या साइटवरून आकड्यांच्या सीएसव्ही, म्हणजे साध्या तक्त्यांच्या फाइली. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर आहेच.

५ जून, बुधवार

जॉइन करताना डोकं फिरलं.

सीमांच्या फाइलमधे प्रत्येक देशाला तीन अक्षरी कोड असतो, आकड्यांच्या फाइलमधे पण असतो, दोन्ही जुळवले की झालं. मी जुळवले, नकाशा आला, आणि फ्रान्स रिकामा. नॉर्वे पण रिकामा. अर्धा तास मी सीएसव्हीत शोधतोय की फ्रान्सचा आकडा कुठं गेला, आकडा जागेवरच होता. नंतर कळलं की नॅचरल अर्थच्या आयएसओ (आंतरराष्ट्रीय प्रमाण) कोडच्या कॉलममधे फ्रान्स आणि नॉर्वेपुढं चक्क उणे ९९ लिहिलंय. हे जुनं प्रकरण आहे, त्यावर त्यांनी शेजारी दुसरा कॉलमही दिलाय, तो घेतला की हे दोन्ही देश भरतात. मी त्याच्या आधी आणखी एक तिसराच कॉलम घेतला होता, तर त्यात दक्षिण सुदानचा कोड वेगळा आणि कोसोव्होचा वेगळा. शेवटी दहाबारा देश हातानं जुळवले.

दोन अक्षरी कोडवाली दुसरी एक फाइल होती तिच्यात नामिबिया गायब झाला. नामिबियाचा कोड 'एनए'. पायथनला (मी ज्यात छोटे प्रोग्रॅम लिहितो ती भाषा) वाटलं हे म्हणजे 'माहिती नाही'. एका अख्ख्या देशाचं नावच 'उपलब्ध नाही' असं वाचलं जातंय, हसावं का रडावं.

आणि सगळ्यात भारी म्हणजे मी सहज जगाची बेरीज करून बघितली तर ८०० कोटीच्या जागी हजारो कोटी माणसं आली. वर्ल्ड बँकेच्या यादीत २१७ देश-प्रदेश असतात आणि त्यांच्यातच मिसळून 'दक्षिण आशिया', 'अरब जग', 'उच्च उत्पन्न गट', शेवटी 'जग' असेही गठ्ठे असतात. मी सगळे एकत्र मोजले, म्हणजे आपण सगळे किती वेळा मोजलो गेलो देव जाणे. बेरीज करून बघायची सवय होती म्हणून वाचलो.

९ जून, रविवार

आज प्रोजेक्शन. आपल्या पुस्तकी भाषेत प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची रीत.

भाची आली होती. तिला मोबाइलवरचा नेहमीचा नकाशा दाखवला आणि विचारलं, भारत मोठा का ग्रीनलंड? म्हणाली, मामा कायपण काय, ग्रीनलंडच की. मग आकडे काढले. भारत जवळपास ३२.८७ लाख चौरस किलोमीटर, ग्रीनलंड २१.६६ लाख. म्हणजे आपण दीडपट. आणि त्या नकाशात ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढं दिसतं, खरं तर आफ्रिकेत अशी चौदा ग्रीनलंड बसतील.

मोबाइलवरचा तो नकाशा मर्केटरच्या रीतीचा. यात मर्केटरला शिव्या घालायची फॅशन आहे ती मला पटत नाही. त्या माणसानं १५६९ मधे तो नकाशा खलाशांसाठी केला होता, होकायंत्राची एकच दिशा धरून जायचं तर नकाशावर सरळ रेघ मारता यावी म्हणून. ते काम तो नकाशा चोख करतो. ध्रुवाकडं जाईल तसं सगळं फुगतं ही त्याची किंमत, ती बोटीवरच्या माणसाला चालते. आपण त्याच्यावर लोकसंख्या आणि गरिबी रंगवायला लागलो ही आपली चूक. रंगाचा नकाशा बघताना डोळा क्षेत्रफळ मोजतो, जिथं रंग जास्त पसरलाय ते जास्त महत्त्वाचं वाटतं, मग निदान क्षेत्रफळ तरी खरं पाहिजे.

म्हणून इक्वल अर्थ घेतलं, २०१८ मधे तिघांनी मिळून केलेलं प्रोजेक्शन आहे, क्षेत्रफळं बरोबर राहतात आणि देश ओढून ताणून लांबट दिसत नाहीत. गॉल-पीटर्स नावाचं दुसरं प्रोजेक्शन पण लावून बघितलं, क्षेत्रफळ तिथंही बरोबरच, पण आफ्रिका वाळत घातलेल्या धोतरासारखी लोंबते. भाचीनं दोन्ही प्रिंट कापून एकमेकांवर ठेवून बघितल्या, ताईच्या जेवणाच्या टेबलावर कागदाचा कचरा, त्याच्यावर बोलणी मी खाल्ली.

१५ जून, शनिवार

आज एक महत्त्वाचं, कुणी असला उद्योग करणार असेल तर हे आधी वाचा. नॅचरल अर्थच्या नेहमीच्या फाइलमधे सीमा जमिनीवर ताबा कुणाचा आहे त्याप्रमाणं काढलेल्या असतात, त्यामुळं जम्मू-काश्मीर आणि लडाख आपण शाळेत बघतो तसं दिसत नाही. आपल्याकडं सर्वे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारी सीमा छापणं हा गुन्हा आहे, १९६१ चा कायदा आहे. शाळेच्या भिंतीवर तर विषयच नाही. नॅचरल अर्थवाले वेगवेगळ्या देशांच्या दृष्टीनं काढलेल्या फाइलीही देतात, त्यात भारताची वेगळी आहे. ती घेतली, सर्वेच्या नकाशाशी नजरेनं ताडून बघितली. फक्त ती सगळ्यात तपशीलवार आकारातच मिळते, त्यामुळं फाइल जड, लॅपटॉपचा पंखा विमानासारखा.

नॉर्वेच्या किनाऱ्याचे सगळे फियॉर्ड, म्हणजे अरुंद खाड्या, मला नकोयत. म्हणून मॅपशेपर या फाइल हलकी करायच्या साधनात टाकून रेघा सोप्या केल्या.

१७ जून, सोमवार

दादाच्या ऑफिसात मॉरिशसचे एक गृहस्थ आहेत. त्यांचे पणजोबा की खापरपणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यावर गेलेले, घरात मराठी आहे, गणपतीला तिकडं देशभर सुट्टी असते ते अभिमानानं सांगतात. दादानं त्यांना माझा लोकसंख्येचा कच्चा नकाशा पाठवला. उत्तर आलं, "छान आहे. पण आमचा देश कुठं आहे?"

बघतो तर खरंच नाही. पहिल्या आठवड्यात मी छोट्या मापाची फाइल वापरत होतो, त्यात एकूण १७७ देश, त्यात मॉरिशस नाही, मालदीव नाही, सिंगापूर नाही, बहारीन नाही. ठीक, पण आता तर मोठी फाइल घेतली होती ना? त्यात होता. मग मी रेघा सोप्या करताना पुन्हा उडाला, कारण मॅपशेपरमधे 'आकार काढून टाकू नको' अशी एक खूण करायची असते ती मी केली नव्हती. एका माणसाचा देश मी दोनदा बुडवला.

आता आहे, पण हिशेब केला तर ६ फुटी नकाशावर तो जेमतेम ३ मिलिमीटर येतो. तीन मिलिमीटरमधे रंग कुणाला दिसणार? साडेबारा लाखाच्या आसपास लोक, चौरस किलोमीटरला सहाशेच्या वर, आफ्रिकेतला सगळ्यात दाट देश, आणि नकाशावर पेनाचा ठिपका. शेजारच्या मादागास्करला मात्र भरपूर रंग. शेवटी सगळ्या छोट्या बेटांना सारख्या आकाराचे गोल दिले आणि गोलात रंग भरला.

२३ जून, रविवार

कार्बन, म्हणजे हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड. सगळ्यात जास्त वेळ इथं गेला आणि जावा असाच विषय आहे.

पहिल्यांदा मी देशाचं एकूण उत्सर्जन घेतलं आणि देश रंगवले. चीन गडद, अमेरिका गडद, भारत गडद. मॅडमना पाठवलं. त्यांचा फोन, "अहो, हे बघून मुलं म्हणतील आपणच धूर करतोय." मी म्हटलं, मॅडम, आकडा खरा आहे, एकूण उत्सर्जनात आपण तिसरे आहोत, जगाच्या साधारण ८ टक्के. त्या म्हणाल्या, "आणि माणसं किती टक्के?" यावर मी गप्प. माणसं साडेसतरा टक्क्याच्या पुढं.

दरडोई काढलं की चित्र फिरतं. भारत माणशी वर्षाला २ टनांच्या आसपास, जगाची सरासरी पावणेपाच टनांच्या आसपास, अमेरिका चौदाच्या पुढं, कतार पस्तिशीच्या पुढं. आणि १७५० पासूनची बेरीज धरली तर एकटी अमेरिका जवळपास पाव वाटा घेऊन बसते, आपण ३ टक्क्यांच्या आसपास. तिन्ही आकडे खरे. भाची विचारते, मग बरोबर नकाशा कुठला? मी तिला म्हणालो, तू प्रश्न काय विचारतेस त्याच्यावर आहे. हवेला किती धूर जातोय हा प्रश्न असेल तर एकूण, एकेक माणूस किती जाळतो हा असेल तर दरडोई, जुनी उधारी कुणाची हा असेल तर तिसरा. ती म्हणाली, परीक्षेत असं लिहिलं तर मार्क कापतील.

एक तांत्रिक चूकही होती, ती मॅडमनी नाही, मीच पकडली. एकूण आकडे कधी क्षेत्रघनी पद्धतीनं रंगवायचे नसतात. क्षेत्रघनी म्हणजे भाग देऊन आलेला आकडा, दर माणशी, दर चौरस किलोमीटर, दर हजारी. एकूण आकडा रंगवला की रशियाचा ओसाड सैबेरिया पण धुरानं भरलेला दिसतो. एकूणसाठी वर्तुळं काढायची, आकड्याप्रमाणं लहानमोठी. तसंच केलं. वर्तुळाचं क्षेत्रफळ आकड्याच्या प्रमाणात ठेवायचं, त्रिज्या नाही, नाहीतर दुप्पट आकड्याला चौपट वर्तुळ येतं.

मग दरडोई नकाशाचे वर्ग पाडायचे. क्यूजीआयएसमधे बटण दाबलं की होतं, पण कुठलं बटण? समान अंतर घेतलं, ० ते ४० चे पाच भाग, तर पहिल्या ८ टनांत भारत, ब्राझील, फ्रान्स, ब्रिटन सगळे एकाच फिक्या रंगात, जणू सगळे सारखेच, एकट्या कतारमुळं. प्रत्येक वर्गात सारख्याच संख्येनं देश येतील असं घेतलं तर ज्या देशांत अर्ध्या टनाचा फरक आहे ते वेगळ्या रंगात आणि ज्यांच्यात पंधरा टनांचा फरक ते एका रंगात. जेंक्सची पद्धत (आकड्यांत जिथं आपोआप फट पडते तिथं वर्ग तोडायची) बरी, पण तिचे आकडे असे विचित्र येतात की नववीच्या मुलाला लेजंड, म्हणजे रंगांची सूची, वाचता येणार नाही. शेवटी हातानं १, २.५, ५, १०, २० अशा सीमा टाकल्या, ५ मुद्दाम, कारण जगाची सरासरी त्याच्या जवळ आहे, म्हणजे बोट ठेवून सांगता येतं की हे सरासरीच्या खालचे आणि हे वरचे.

आकडा एक न बदलता मी आज भारताला तीन वेगवेगळ्या रंगांत रंगवलं. हे जरा भीतीदायकच आहे.

३० जून, रविवार

उत्पन्नाचा नकाशा. रिकाम्या जागांची भानगड.

उत्तर कोरियाचा आकडा वर्ल्ड बँकेकडं नाही. माझ्या स्क्रिप्टनं रिकाम्या जागी शून्य भरलं, त्यामुळं उत्तर कोरिया, व्हेनेझुएला, एरिट्रिया सगळे जगात सर्वात गरीब. मग म्हटलं शेवटचा उपलब्ध आकडा घेऊ. तर व्हेनेझुएलाचा शेवटचा २०१४ चा, दक्षिण सुदानचा २०१५, एरिट्रियाचा तर २०११ चा. तेरा वर्षांपूर्वीचा एरिट्रिया आणि आत्ताचं केनिया एकाच नकाशावर रंगवायचं आणि म्हणायचं तुलना करा. तैवान तर यादीतच नाही, म्हणजे मोबाइलमधली चिप जिथं बनते तिथं नकाशावर काही नाही.

तर ठरवलं, पाच वर्षांपेक्षा जुना आकडा घ्यायचा नाही आणि माहिती नाही तिथं राखाडी तिरप्या रेघा. पांढरं ठेवायचं नाही, कारण पांढरं म्हणजे सगळ्यात फिका वर्ग असं वाटतं. ज्या देशांत लढाई किंवा कुलूपबंद सरकार आहे तिथंच बहुतेक रेघा येतात, हे रेघा मारल्यावरच दिसलं.

लाल-हिरवा टाळला. आमच्या प्रिंटवाल्याचा पोरगाच लाल आणि हिरवा ओळखत नाही, पुरुषांमधे हे बायकांपेक्षा कितीतरी जास्त असतं. फिका पिवळा ते गडद निळा घेतला, झेरॉक्स काढली तरी वाचता येतो.

७ जुलै, रविवार

कार्टोग्राम! याच्यासाठीच हा सगळा खटाटोप होता.

म्हणजे देशाचा आकार जमिनीप्रमाणं नाही, माणसांप्रमाणं. गॅस्टनर आणि न्यूमन यांनी २००४ मधे रीत काढली, पाण्यात शाईचा थेंब पसरतो तशी दाट भागातली लोकसंख्या पसरू द्यायची, सगळीकडं घनता सारखी होईपर्यंत, आणि त्याच्याबरोबर सीमा वाहत जातात. २००६ मधे वर्ल्डमॅपर नावाच्या प्रकल्पानं याच पद्धतीनं शेकडो विषयांचे नकाशे केले, तेव्हा मी कॉलेजात होतो, ते फुगलेले भारत-चीन बघून वेडा झालो होतो.

पहिल्या झटक्यात एरर, अक्षांश-रेखांशातला नकाशा चालत नाही, आधी प्रोजेक्शन द्या. बरोबरच आहे, अंशाला काही ठरलेली लांबी नाही. दिलं. मग दीड तास लॅपटॉप तापत बसला, मी तेवढ्यात जेवून आलो.

आणि काय आला नकाशा! रशिया वरती दोरीसारखा. बांगलादेश, जो क्षेत्रफळानं आपल्या महाराष्ट्राच्या अर्ध्याहून कमी आहे, तो रशियापेक्षा मोठा. कारण तिथं सतरा कोटी माणसं आणि रशियात साडेचौदाच्या आत. कॅनडा म्हणजे अमेरिकेच्या डोक्यावरची टोपी. ऑस्ट्रेलिया एक फोड. मंगोलियाची सगळी माणसं पुणे शहरात बसतील. आणि मॉरिशस दिसतोय! न गोल देता, आपल्या आकारानं दिसतोय. गृहस्थांना लगेच पाठवला, त्यांनी तीन नमस्कार पाठवले.

मॅडम मात्र म्हणाल्या, "मुलांना देश ओळखता येणार नाहीत हो." खरंय. कोपऱ्यात वीतभर साधा नकाशा ठेवला, त्याच रंगांचा, म्हणजे ताडून बघता येईल.

१७ जुलै, बुधवार

आषाढीची सुट्टी, सकाळपासून बसलो. बालमृत्यूच्या नकाशात आज एक खिडकी वाढवली.

जगाच्या नकाशावर भारत एका रंगाचा. २०२० च्या सरकारी नमुना नोंदणीत देशाचा अर्भक मृत्युदर (वर्षाच्या आतली बाळं) हजार जन्मांमागं २८. पण त्याच तक्त्यात केरळ ६ आणि मध्य प्रदेश ४३, महाराष्ट्र १६. केरळचा ६ म्हणजे श्रीमंत देशांच्या रांगेत. हे सगळं 'भारत' नावाच्या एका रंगात घोटलं जातं. बरं राज्यावर थांबावं तर महाराष्ट्रात तरी मेळघाट आणि पुणे एका रंगाचे कसे? जिल्हा घेतला तर वेगळं चित्र, तालुका घेतला तर अजून वेगळं. तुकडे कसे पाडता त्याच्यावर नकाशा बदलतो, याला भूगोलवाल्यांनी मोठं नाव दिलंय, पण आपल्याकडं निवडणुकीत मतदारसंघ पाडताना लोकांना हे न शिकवता कळतं. खिडकीत राज्यं दाखवली आणि थांबलो.

रात्रीच्या दिव्यांचा नकाशा सोपा गेला, नासाचं तयार चित्र आहे, फक्त कापायचं. नाइल नदी अख्खी उजळलेली दोरी, उत्तर कोरिया काळा, भारत-पाकिस्तान सीमेवर फ्लडलाइटची रेघ. पण उजेड म्हणजे श्रीमंती नव्हे. इराकच्या दक्षिणेला जो उजेड आहे त्यातला बराचसा तेलाच्या विहिरींवर जाळला जाणारा गॅस, आणि अर्जेंटिनाजवळच्या समुद्रात जो आहे तो मासेमारीच्या बोटींचा. तीन बाण मारून मराठीत लिहिलं.

३ ऑगस्ट, शनिवार

देशांची नावं. सीमांच्या फाइलमधे पंचवीसेक भाषांतली नावं आहेत, हिंदी आहे, बंगाली आहे, मराठी नाही. मला वाटलं हिंदी घेऊ, देवनागरीच तर आहे. मग नकाशावर 'वियतनाम', 'सिंगापुर', 'ब्राज़ील'. मराठी शाळेच्या भिंतीवर नेपाळमधला ळ गेलेला कसा चालेल? विकिडेटा या विकिपीडियाच्या माहितीसाठ्यावरून मराठी नावं ओढली, ती बहुतेक बरी, पण आयव्हरी कोस्टसारख्या ठिकाणी आपण पाठ्यपुस्तकात वेगळं वाचलेलं असतं. मॅडमनी लाल पेननं चाळीसेक नावं दुरुस्त केली.

१० ऑगस्ट, शनिवार

फ्लेक्सवाल्याकडं फाइल दिली तर त्याच्या मशीनवर जोडाक्षरं फुटली, 'स्वित्झर्लंड'चा स्व एकीकडं आणि वेलांटी दुसरीकडं. सगळी अक्षरं रेघांत बदलून पुन्हा पीडीएफ. निळा रंग स्क्रीनवर दिसतो त्यापेक्षा मळकट आला, दोन वर्ग एकसारखे दिसायला लागले, मधला वर्ग फिका करून पुन्हा. फ्लेक्स नको म्हणून शेवटी कापडावर छापलं, महाग पडलं पण चमकत नाही.

१५ ऑगस्ट, गुरुवार

झेंडावंदनानंतर लागले. पोरांनी पहिलं काय केलं तर सगळ्या नकाशांवर आपलं गाव शोधलं. कार्टोग्रामसमोर सगळ्यात जास्त गर्दी, एकजण मित्राला सांगत होता की रशियाला बांगलादेशनं हरवलं. शिपाईकाका दिव्यांच्या नकाशापुढं बराच वेळ उभे होते, त्यांचा मुलगा मस्कतला आहे, ते तिकडचा उजेड बघत होते.

१८ ऑगस्ट, रविवार

भाचीचा निरोप. सातवीतल्या एका मुलीनं दरडोई कार्बनच्या नकाशापुढं मॅडमना विचारलं, "२ टन म्हणजे रोज का वर्षाला?" लेजंडवर मी फक्त 'टन' लिहिलंय. दोन महिने बघतोय, मॅडमनी बघितलं, दादानं बघितलं, कुणालाच दिसलं नाही.

'दर माणशी, दर वर्षी' अशी पट्टी छापून घेतली, ६ इंच बाय १ इंच, पाठीमागं डिंक असलेली. शिवाय प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात आकडे कुठल्या सालचे ते टाकायचं राहिलं होतं, त्याच्याही सहा पट्ट्या. उद्या शाळा सुटल्यावर जायचंय, शिडीचं शिपाईकाकांना सांगून ठेवलंय.